खडकातल्या पाण्याचा सामाईक हिशेब

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे कितीतरी थर एकावर एक साचून दख्खनचे पठार उभे राहिले. प्रत्येक थराचा खालचा भाग बहुधा घट्ट काळा पाषाण असतो, तर वरचा भाग वायूचे बुडबुडे अडकून राहिल्याने जाळीदार झालेला असतो. दोन थरांच्या सांध्यात काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पाणी साठते ते वरच्या मुरमात, जाळीदार खडकात आणि पाषाणाला गेलेल्या भेगांमध्ये. भेगा नसलेल्या घट्ट पाषाणात पाणी जवळजवळ नसतेच. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी, हे चित्र या पठारावर गावोगाव दिसते.

या खडकाची साठवणक्षमता फार थोडी आहे. भिजलेल्या शंभर लिटर खडकातून एक ते तीन लिटर पाणीच उपसता येते. पंजाब किंवा उत्तर प्रदेशातल्या गाळाच्या जमिनीत हेच प्रमाण दहा-पंधरा लिटरपर्यंत जाते आणि तिथला गाळ शेकडो मीटर खोल असतो. इथला उपयोगी थर मात्र बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरांतच संपतो. हे प्रमाण दोन टक्के धरले, तर एका हेक्टरखालची पाणीपातळी एक मीटर खाली जाते तेव्हा हाती येते ते फक्त दोन लाख लिटर पाणी. हेक्टरभर रानाला पाटाने एकदा भरपूर पाणी द्यायचे, तर सात लाख लिटर लागते. म्हणजे एका हेक्टरच्या एका पाळीसाठी साडेतीन हेक्टरांखालची पातळी मीटरभर उतरते. दिलेल्या पाण्यातले थोडे मुरून परत खाली जाते हे खरे. पण शेजाऱ्याच्या विहिरीवर त्या पाळीचा परिणाम होतोच, मग ती विहीर बांधाच्या अलीकडे असो की पलीकडे.

कायद्याची मूळ चौकट या वस्तुस्थितीशी जुळत नाही. 1882च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाला आपल्या हद्दीतले, जमिनीखालचे पाणी हवे तेवढे घेण्याचा हक्क मानला गेला. ज्याची जमीन त्याचे पाणी, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. उपसा मोटेने होत होता तोवर या हक्काला बैलांच्या ताकदीचीच मर्यादा होती. दिवसभर मोट चालवूनही विहिरीचा तळ लागणे अवघड असे. आधी ऑइल इंजिन आले, मग विजेचा पंप, पुढे पाणबुडी मोटार आणि बोअरची गाडी. त्यांच्याबरोबर ती मर्यादा संपली, हक्क मात्र जुनाच राहिला.

1972च्या दुष्काळाने या बदलाला वेग दिला. पिण्याच्या पाण्यासाठी विंधन विहिरी घेण्याचे तंत्र त्याच काळात राज्यभर पसरले. भूजलाचा शास्त्रीय अभ्यास करणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही 1970च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत बोअर ही शेतकऱ्याची खासगी धडपड होऊन बसली. पाणाडी जागा दाखवतो, गाडी येते, रात्रभर चालते. कधी दोन इंची पाणी लागते, कधी नुसता फुफाटा उडतो. पहिला बोअर फेल गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा, आणि प्रत्येक वेळी फुटांप्रमाणे बिल. मराठवाड्यात पाचशे-सातशे फूट खोल जाणे आता कुणाला नवल वाटत नाही. केसिंगचा पाइप बहुधा वरच्या मातीमुरमापुरताच टाकतात. त्याखाली उघडे असलेले छिद्र वरच्या थरातले पाणी खालच्या भेगांत उतरवते. एकाच्या खोल बोअरने दुसऱ्याची उघडी विहीर आटण्यामागे हेही एक कारण असते. भूजल वापरणाऱ्या देशांत भारत जगात पहिला आहे आणि उपशातले जवळजवळ सत्त्याऐंशी टक्के पाणी शेतीला जाते. त्यामुळे या पाण्याची राखण ही मुळात शेतीतल्या निर्णयांची गोष्ट आहे. त्यातले बरेचसे निर्णय शेतकरी एकटा घेतो आणि त्यांचा परिणाम सगळे गाव भोगते.

पाणी जमिनीपासून वेगळे काढून ते माणसांमध्ये वाटण्याचा पहिला ठोस प्रयोग पुरंदर तालुक्यात झाला. पुण्याचे उद्योजक आणि अभियंते विलासराव साळुंखे 1972च्या दुष्काळात त्या भागात फिरले. पुढे त्यांनी नायगाव येथे देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या कराराने घेतली. उतारावर बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव बांधला, खाली विहीर खोदली. काही वर्षांतच त्या माळावर पिके उभी राहिली. त्यातून जी पाणी पंचायत आकाराला आली, तिचे नियम आजही दचकायला लावतात. पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर ठरणार नाही, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा मिळेल. उसाला पाणी मिळणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा.

या पाच नियमांतले उसाचे कलम सर्वांत कडवट ठरले. नदीवर किंवा कालव्यावर आधारलेल्या उपसा योजना जिथे जिथे आल्या, तिथे साखर कारखाना जवळ आला की पंचायतीची शिस्त ढिली पडू लागली. दर आणि खरेदी या दोन्हींची हमी असलेले पीक सोडून ज्वारी-हरभऱ्यावर थांबायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याला उत्पन्न सोडायला सांगणे होते. साळुंखे यांचे 2002 मध्ये निधन झाले. पाणी पंचायत राज्यभर पसरली नाही. तरी पाणीवाटपात समन्यायाचा मुद्दा महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा तो नायगावच्या नियमांपाशी येऊनच थांबतो. तेवढ्या स्पष्टपणे तो नंतर कुणी मांडलेला नाही.

राज्यभर पसरली ती दुसरी गोष्ट: पाणी अडवा, पाणी जिरवा. डोंगरउतारावर सलग समतल चर, ओघळीत दगडी बांध, खाली माती नाला बांध, त्याखाली सिमेंट बंधारा, ही माथा ते पायथा पद्धत पाणलोट विकासाच्या अनेक कार्यक्रमांतून रुजली. क्रम महत्त्वाचा आहे. माथ्यावर पाण्याचा वेग मोडला नाही, तर पायथ्याचा बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. 2016 साली पानी फाउंडेशन या संस्थेने वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पुढच्या वर्षांत ती अनेक तालुक्यांत पोहोचली आणि ऐन उन्हाळ्यात हजारो माणसे टिकाव-फावडी घेऊन शिवारात उतरली. पहिल्या वर्षीचा मान कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाला मिळाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन गट एका चरावर काम करताना दिसणे, ही या श्रमदानाची मोठी मिळकत होती.

पण अडवणे आणि राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी अडवल्याने सगळ्यांचाच फायदा होतो, त्यामुळे त्यावर एकमत लवकर होते. उपसा आवरायचा म्हटले की कुणाला तरी काहीतरी सोडावे लागते. चांगला पाऊस झाला, बंधारे तुडुंब भरले, विहिरींना पाणी वाढले, की दुसऱ्याच वर्षी नवे बोअर आणि नवा ऊस उभा राहतो. मग कमी पावसाच्या वर्षी गाव पुन्हा टँकरच्या रांगेत असते, आणि या खेपेला पूर्वीपेक्षा जास्त कर्ज डोक्यावर घेऊन. शेततळ्यांचेही काही भागांत असेच झाले. वाहून जाणारे पावसाचे पाणी साठवावे आणि पिकाला ताण पडला की वापरावे, ही मूळ कल्पना चांगली होती. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात मात्र प्लास्टिक अंथरलेली मोठमोठी तळी विहिरी-बोअरमधून उपसून भरली जाऊ लागली. जमिनीखाली सुरक्षित असलेले, सर्वांचे पाणी वर आणून एकाच्या मालकीच्या तळ्यात उन्हात उघडे ठेवायचे, यात बाष्पीभवनाने होणारे नुकसान तर आहेच, शिवाय अन्यायही आहे. अशा साठ्याला जलसंधारण म्हणणे चूक आहे.

उपसा आवरण्याची सुरुवात हिशेबापासून होते. त्याला गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद म्हणतात आणि त्यासाठी लागणारे गणित शाळेतल्या मुलांनाही जमते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. समजा, गावाचे शिवार 1,000 हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर. एकूण पाणी झाले 500 कोटी लिटर. यातले बरेचसे पिके, गवत आणि झाडे पितात, काही वाऱ्या-उन्हाने उडते, काही ओढ्याने वाहून जाते. बेसाल्टच्या प्रदेशात साधारण दहावा हिस्सा खडकात मुरतो असे धरले, तर भूजल मिळाले 50 कोटी लिटर. गावची वस्ती 1,500 असेल आणि माणशी रोज 55 लिटर पाणी धरले, तर वर्षाला तीन कोटी लिटर लागते. आठशे जनावरांना रोज पन्नास लिटरप्रमाणे आणखी दीड कोटी. राहिले साडेपंचेचाळीस कोटी. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर पाणी द्यावे लागते. म्हणजे बावीस-तेवीस हेक्टर ऊस लागला, की हजार हेक्टरच्या गावाचे सगळे भूजल संपले. तेच पाणी रब्बी ज्वारीला दोन पाळ्यांत दिले, हेक्टरी पंधरा लाख लिटर, तर तीनशे हेक्टर भिजतात.

हे आकडे फळ्यावर मांडले की गावसभेतली भाषा बदलते. एरवी पाण्याबद्दलची तक्रार नशिबावर, पावसावर किंवा सरकारवर जाते. ताळेबंदात खर्चाची बाजू कुणाच्या शिवारात आहे ते सगळ्यांना दिसते. आणखी एक गोष्ट उघड होते: पिण्याचे पाणी हा एकूण उपशाचा अगदी छोटा हिस्सा आहे. उन्हाळ्यात घागरीला पाणी नसते, त्याचे कारण हिवाळ्यात शिवारात घडलेले असते. घागर घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका या निर्णयाच्या बैठकीत क्वचित असतात. जिथे त्या असतात तिथे पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी बाजूला काढला जातो.

हा हिशेब वर्षानुवर्षे चिकाटीने मांडणारे गाव म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. हा पर्जन्यछायेतला प्रदेश. पाऊस बहुतेक वर्षी तीनशे ते चारशे मिलिमीटरच्या आसपास. 1990च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा डोंगर उघडे होते, विहिरी हिवाळा सरताच आटत आणि अनेक कुटुंबे कामासाठी बाहेर पडलेली होती. त्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी घालून दिलेल्या कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान या सूत्रांचा या गावाने स्वीकार केला. आदर्श गाव योजनेतून वनजमिनीवर चर खोदले गेले, झाडे लावली गेली. इथपर्यंतचे काम इतर गावांनीही केले आहे. हिवरे बाजारने पुढे जे ठरवले ते वेगळे होते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, पाणी उघड्या विहिरीतूनच वापरायचे. ऊस आणि केळीसारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत. 2004 पासून गाव भूजल यंत्रणेच्या मदतीने पाऊस आणि निरीक्षण विहिरींची पातळी मोजून दरवर्षी ताळेबंद मांडते, आणि त्यावरून रब्बीत किती क्षेत्र भिजवायचे ते गावसभेत ठरते. पाऊस कमी झाला असेल, तर रब्बीचे क्षेत्र कमी होते.

बोअरबंदीचा नियम वरवर पाहता कठोर वाटतो. पण त्यात नेमकी शास्त्रीय समज आहे. उघड्या विहिरीतले पाणी सर्वांना दिसते. ती आटू लागली की मालकाला आणि शेजाऱ्याला एकाच वेळी कळते. शिवाय उघडी विहीर वरच्या थरावर चालते आणि तो थर दर पावसाळ्यात भरतो. उपसा आपोआप त्या वर्षीच्या पावसाच्या मर्यादेत राहतो. बोअरमध्ये हा इशारा मिळत नाही. पाणी तुटेपर्यंत मोटार चालते.

गावाने पिके सोडली, पण उत्पन्न सोडले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. डोंगरावर वाढलेले गवत कापून नेण्याची मुभा मिळाली, गोठे वाढले, दूध वाढले. कांदा आणि भाजीपाला आला. बाहेर गेलेली अनेक कुटुंबे परतली. पोपटराव पवार यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हिवरे बाजारसारखे नेतृत्व प्रत्येक गावाला कुठून मिळणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. माणूस उसना आणता येत नाही. मोजमाप, ताळेबंद आणि पीकनियोजन ही साधने मात्र आणता येतात.

सरकारी यंत्रणेने ही साधने गावापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आहे. भूजल यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि उपशाचे प्रमाण पाहून पाणलोटांची वर्गवारी करते. दरवर्षी मिळणाऱ्या भूजलापैकी सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर पाणलोट सुरक्षित, नव्वदपर्यंत अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. 2020 पासून केंद्राच्या अटल भूजल योजनेत सात राज्ये घेतली गेली. महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांतली निवडक गावे त्यांत होती. गावात पर्जन्यमापक बसवणे, विहिरींची पातळी नोंदवणे, ती भिंतीवर लिहिणे आणि गावसभेपुढे जलसुरक्षा आराखडा ठेवणे, असा तिचा गाभा होता. मोजमापाचे खरे काम अगदी साधे असते. दोरीला किंवा टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचे, पाण्याला लागले की खूण करायची आणि काठापासूनची खोली वहीत लिहायची. सकाळी मोटारी सुरू होण्यापूर्वी, दर वेळी त्याच काठावरून. सलग तीन-चार वर्षांची अशी वही गावाकडे असली, की ऑक्टोबरची पातळी पाहून मार्चमध्ये काय होईल याचा अंदाज पाणाड्याच्या नारळापेक्षा कितीतरी नेमका बांधता येतो.

कायदाही बदलला आहे. 1993च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणला. 2009चा महाराष्ट्र भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम 2014 पासून लागू झाला. त्यात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे, विहिरींची नोंदणी आहे, पाणलोट क्षेत्रासाठी समिती आणि पीक आराखड्याची तरतूद आहे. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. प्रत्यक्षात बोअरच्या गाड्या त्याच्या तिप्पट-चौपट खोल जातात आणि त्यांना अडवणारे कुणी नसते. तालुक्याच्या गावी बसलेला अधिकारी रात्री कुठल्या शिवारात गाडी लागली ते पाहू शकत नाही. गाव पाहू शकते. या कायद्याचे बळ गावाच्या हाती ठोसपणे आले, तरच तो चालेल. त्याच वेळी सरकारची इतर धोरणे उलट्या दिशेने ओढतात. वर्षानुवर्षे शेतीपंपाचे बिल अश्वशक्तीवर आकारले गेले आणि 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याला दिलासा हवाच. पण मोटार दोन तास चालवली काय आणि आठ तास काय, खर्च तोच राहिला, तर पाणी वाचवणाऱ्याला त्याचा काहीच मोबदला मिळत नाही. बाजरी, ज्वारी, तूर, हरभरा यांना खरेदीची पक्की हमी मिळाली, तर पीकबदलाची गावसभा बरीच सोपी होईल.

राखणीत पाण्याचा दर्जाही येतो. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजल मुळातच खारट आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागांत खडकातले फ्लोराइड पाण्यात उतरते, मुलांचे दात डागाळतात, मोठ्यांची हाडे वाकतात. अशा ठिकाणी खोल बोअर हा उपाय नसून अनेकदा धोका असतो आणि उथळ विहिरी पावसाच्या पाण्याने भरून ठेवणेच अधिक सुरक्षित ठरते. रासायनिक खतांतले नायट्रेट, विहिरीला खेटून असलेले शोषखड्डे आणि उकिरडे हे मात्र माणसांनीच निर्माण केलेले प्रश्न आहेत. बेसाल्टच्या भेगांतून पाणी वेगाने सरकते, त्यामुळे घाणही तितक्याच वेगाने सरकते. पुनर्भरणासाठी छतावरचे किंवा शेतातले पाणी विहिरीत सोडताना वाळू-खडीचा गाळणखड्डा न करणे, ही अनेक गावांत उत्साहाच्या भरात होणारी चूक आहे.

शेवटचा प्रश्न गावाच्या शिवेचा. जलधर खडक शीव ओळखत नाही. वरच्या गावाने बोअरबंदी पाळली आणि खालच्या गावात कारखान्यासाठी ऊस वाढला, तर वरच्या गावाचे राखलेले पाणी उताराने खाली जाते. म्हणून ताळेबंद एका ग्रामपंचायतीऐवजी पूर्ण पाणलोटाचा मांडावा लागतो आणि 2009च्या कायद्यातली पाणलोट समिती याच कारणासाठी आहे. अशा समितीत एका ओढ्यावरची पाच-सहा गावे असतील, त्यांच्या निवडणुका, जाती, गट आणि जुने वाद वेगवेगळे असतील. त्यांना एकत्र बसवण्यासाठी आधी एकच गोष्ट सामाईक लागते: सगळ्यांनी मान्य केलेली मोजमापाची वही. निरीक्षण विहिरी मिळून निवडायच्या, नोंद एका गावाच्या माणसाने करायची आणि पडताळणी दुसऱ्या गावाच्या माणसाने. पावसाळा संपताच सगळ्या गावांचा एकत्र ताळेबंद, त्यानंतर प्रत्येक गावाच्या रब्बीच्या क्षेत्राची मर्यादा, आणि ती ओलांडली तर काय करायचे याचा ठराव रब्बीची पेरणी सुरू होण्यापूर्वी.